पुतळाबाईची हरकत

अकरा वर्षांत पुतळाबाईला बसलेलं मी एकदाच पाहिलं. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, या बाईच्या गुडघ्यांना वाकायची सवयच नसावी.

नाव पुतळा, पण एका जागी दोन मिनिटं थांबेल तर शपथ! सकाळी साडेसहाला नेरूळच्या माझ्या टायपिंग क्लासचं शटर तीच वर करायची. मशिनांवरची फडकी काढ, झाडू मार, माठ भर, काचा पूस, आणि हे सगळं करताना तोंड चालूच. "बाई, कॅलेंडरचा म्हयना उलटा केलाच नाय तुमी." "बाई, ती चष्मेवाली पोरगी बगा, रोज उपाशी येते ती." चहा दिला तर दारात उभ्याने प्यायची. "अहो, बसा की जरा," मी वैतागून म्हणायचे. "बसली का नाय नाय ते आठवतं बाई," असं म्हणून ती कप विसळायला पळायची.

मी सुमेधा. माहेर साताऱ्याकडचं, तोंड फटकळ. नवरा महाप्याच्या कंपनीत नोकरीला लागला म्हणून आम्ही इकडे आलो, आणि घरात बसून माझं डोकं फिरायला लागलं म्हणून मी क्लास काढला. अकरा मशिनं, त्यांतली तीन मराठी. क्लासच्या पहिल्याच आठवड्यात पुतळाबाई कामाला आली. झाडता झाडता तिने फरशीवर पाय आपटला आणि मला सांगितलं, "ह्याच्या खाली माज्या सासऱ्याची वडाखालची खार हाय."

खार म्हणजे खाडीकाठचं भाताचं शेत. त्यांच्यात प्रत्येक शेताला नाव असायचं. नवं शहर वसवायला सरकारने जमिनी घेतल्या तेव्हा पुतळाबाई नुकतीच लग्न होऊन आली होती. गाड्या आल्या, माणसांनी फिती लावल्या, खांब रोवले. आता त्या खारीचा सेक्टर झाला होता, सेक्टरला नंबर होता, आणि आम्ही सगळे त्या नंबरावर राहत होतो. "कोनी इचारला नाय," हे तिचं पालुपद. "द्यावी तर लागलीच असती. सरकारफुडं कोनाचं चालतं? पन इचारायचा तरी!"

नवरा मिठागरावर कामाला होता, तो काविळीने गेला. मागे एकच मुलगी, मनाली. सायन्सला बारावीत होती आणि दुपारी माझ्याकडे टायपिंगला यायची. मुलगी आईच्या अगदी उलट, शांत. मिळेल तो कागद वाचत बसायची. तिला औषधांचा डिप्लोमा करायचा होता. एखाद्या केमिस्टच्या दुकानात चिठ्ठी वाचून औषधं काढून देणारी माणसं असतात ना, तसं व्हायचं होतं तिला. तिच्या बापाला कावीळ झाली तेव्हा गोळ्यांवर काय लिहिलंय ते घरात कुणालाच वाचता आलं नव्हतं. ही गोष्ट मनालीने मला एकदाच सांगितली, मान खाली घालून. कॉलेजची फी मात्र पुतळाबाईच्या दहा जन्मांत फिटण्यासारखी नव्हती.

शहाण्णव सालचा फेब्रुवारी. पुतळाबाई रद्दीच्या पेपरने काचा पुसत होती आणि मनालीने तिच्या हातातला पेपर ओढून घेतला. आतल्या पानावर बारीक अक्षरात सरकारी सूचना होती. गरजू विद्यार्थ्यांना सरकार शिक्षणासाठी कर्ज आणि मदत देणार होतं. त्याच्या नियमांचा मसुदा तयार होता, आणि जनतेकडून तीस दिवसांत हरकती व सूचना मागवल्या होत्या.

"म्हंजे काय?" पुतळाबाईने विचारलं.

"म्हणजे सरकार विचारतंय," मी म्हणाले. "नियम असा असा करतोय, तुमचं काही म्हणणं आहे का?"

तिचा हात थांबला. "आमाला इचारतंय?"

"सगळ्यांनाच."

मनाली पुढे वाचत गेली आणि सातव्या नियमाशी अडखळली. कर्ज घेणाऱ्याला जामीनदार हवा. जामीनदाराच्या नावावर जमीन हवी, सातबारा जोडायचा. नाहीतर त्याची कायमची नोकरी हवी, पगाराचा दाखला जोडायचा.

पुतळाबाईचा चेहरा एकदम उतरला. सेक्टरामागे उरलेल्या तिच्या गावात कायमची नोकरी होती ती चार-दोन माणसांना. आणि सातबारा? तो तर सरकारच्याच नावावर होता. "माजी जमीन तुमीच घेतली," ती त्या पेपराशीच भांडायला लागली, "आन आता जामिनाला माज्याकडंच जमीन मागता? कुठून आनू? ही फरशी उकलून देऊ?"

मी म्हटलं, हेच लिहून पाठवायचं. एवढंच तर मागतायत ते.

पण त्या गावात असं कुणी उठून लिहून पाठवत नसे. तिथे गावकी होती. घरटी एक कर्ता पुरुष देवळात बसणार, बोलणार, ठरवणार, आणि एकदा गावाचा शब्द ठरला की वेगळं कुणी बोलायचं नाही. बोलला तर दंड. गावकीचे पंच होते बाजीराव, पुतळाबाईचे थोरले दीर. उंच, हाडापेराने दणकट, कमी बोलणारा माणूस. नियम कळल्यावर त्यांनी त्याच रात्री देवळात सभा बोलावली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः क्लासवर आले.

"बाई, एक अर्ज टाइप करा. गावाचा. चांगला झनझनीत."

मी केला. मनापासून केला, सांगते. शेवटचं वाक्य लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला. त्याखाली चारशे बारा सह्या आणि अंगठे घेतले गेले. कागदाला कागद चिकटवून ती गुंडाळी इतकी लांब झाली की क्लासच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पसरली. बाजीराव तिच्याकडे बघत राहिले. "आता बगू सरकार काय करतं ते," म्हणाले.

मीच गेले बेलापूरला, सरकारी कचेरीत अर्ज द्यायला. पुतळाबाई बरोबर. आवक खिडकीवर सयाजी नावाचा कारकून होता, आमच्याच साताऱ्याकडचा निघाला. गावाकडच्या चार गोष्टी झाल्या. त्याने गुंडाळी उलगडली, पहिल्या पानावर शिक्का मारला आणि वहीत नोंद केली.

"एकशे सत्तावीस," म्हणाला.

"एकशे सत्तावीस काय?"

"हरकत क्रमांक एकशे सत्तावीस."

"अहो, चारशे बारा माणसं आहेत ही!"

"बाई, मी कागद मोजतो, अंगठे नाही." बिचारा सरळपणे म्हणाला. "एक अर्ज, एक नंबर. वर कळवायचं असतं, अमुक हरकती आल्या. तुमचं सगळं गाव मिळून ही एक आली."

"आणि बाकीच्या एकशे सव्वीस कुणाच्या?"

त्याने वही फिरवून दाखवली, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांतल्या साठ आमच्या सोसायटीच्या होत्या. माझे यजमान, सुभाष, सोसायटीचे सेक्रेटरी. उत्पन्नाची मर्यादा वाढवा, नोकरदारांच्या मुलांनाही योजनेत घ्या, असा त्यांचा मजकूर. तो कुणी टाइप केला? मीच! एक पान टाइप केलं, त्याच्या साठ झेरॉक्स काढल्या, साठ फ्लॅटवाल्यांनी साठ सह्या केल्या. साठ नंबर पडले. त्याच मशिनवर, त्याच आठवड्यात मी गावाची चारशे माणसं एका कागदावर बसवली होती. मला कळायला नको होतं? आमचा मुलगा पार्थ कॉलेजात जायचा होता म्हणून तिथे माझं डोकं बरोबर चाललं. इथे मी नुसती झणझणीत वाक्यं लिहीत बसले. लाज वाटली मला, अगदी मनातून.

परतताना पुतळाबाई रिक्षात बसेना. "पायी जाऊ," म्हणाली. बेलापूरहून नेरूळपर्यंत ती पुढे आणि मी धापा टाकत मागे. मुदतीला पाच दिवस उरले होते.

संध्याकाळी मी बाजीरावांकडे गेले. सगळं समजावून सांगितलं. प्रत्येकाने वेगळा अर्ज द्या, मी फुकट टाइप करते. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "गावाचा शबूद गेला. आता मानसं येगले येगले अर्ज करतील तर गाव फुटला असं दिसंल. ते नाय व्हायाचं."

"अहो, पण मोजतायत कागद!"

"मोजूं दे. आमी एकच हाय, ते कलूं दे त्यांना."

त्या माणसाचा राग आला आणि खोटं कशाला बोलू, थोडा आदरही वाटला. रागच जास्त. घरी येऊन मी सुभाषवर डाफरले, त्यांचा काही दोष नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळाबाई आली ती झाडू न घेताच. डोळे तांबारलेले, पदर खोचलेला.

"बाई, गावकीत बाईमानसाला धरतात?"

"मला काय विचारता, तुम्हीच सांगा."

"नाय धरत. देवलात सभा आसली का आमी बाहेर. वर्गणी पुरुषाच्या नावानं, दंड पुरुषाला. चारशे बारांत एक बाई नाय." ती टेबलावर दोन्ही हात टेकून पुढे वाकली. "मंग बाईमानूस गाव फोडंल कशी? गावात धरलीच नाय ती!"

मी हसायला लागले ते थांबेचना. इतकी वर्षं ज्या गोष्टीने तिला देवळाबाहेर उभं ठेवलं, तिच्यातूनच तिने वाट काढली होती.

"तुमची हरकत पहिली," मी कागद चढवला. "बोला."

ती खोलीभर फिरत बोलत होती आणि मी टाइप करत होते. "आमचा शेत, वडाखालची खार. तिथं आता तुमचा सेक्टर हाय. जमीन तुमीच घेतली, म्हून आमच्याकडं सातबारा नाय. माज्या पोरीचा ह्यात काय गुना?" मी एक अक्षरही सुधारलं नाही.

त्या चार दिवसांत क्लासमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. भाजीच्या पाट्या दारात ठेवून बायका आत यायच्या. सुक्या मासळीचा वास मशिनांना लागला तो महिनाभर गेला नाही. मी झेरॉक्स काढू म्हटलं तर पुतळाबाई कडाडली, "नाय! परतेकीच्या शेताचं नाव येगलं हाय." मग मराठीची पोरं आळीपाळीने बसवली. परीक्षेची तयारी समजा, म्हटलं, मिनिटाला तीस शब्द. बायका आधी लाजायच्या, "आमी काय सांगनार?" म्हणायच्या. पण शेताचं नाव विचारलं की एकेकीचं तोंड सुटायचं. लांबखार. पिपळाची. दोन बांधांची. मला त्या नावांचं वेड लागायची पाळी आली. शेवटच्या दिवशी दुपारी एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई मागच्या दाराने आली, अंगठा उठवला आणि एक शब्द न बोलता गेली. कागदावरचं नाव मी नंतर वाचलं आणि पटकन गठ्ठ्यात मधोमध घालून टाकलं.

सयाजीने त्या दिवशी एकशे त्र्याऐंशी शिक्के मारले. हात दुखला म्हणाला, पण हसत होता.

मार्चअखेर बेलापूरला सुनावणी झाली. वरून एक अधिकारी आले होते, पोक्त, चष्मा कपाळावर सरकवलेला. हरकतदारांची नावं क्रमाने पुकारली जात होती. गावातर्फे बाजीराव बोलले, मोजकं आणि चांगलं. मग बायकांची नावं सुरू झाली. बाजीरावांनी वळून पाहिलं तर मागे अख्खं दालन लुगड्यांनी भरलेलं. त्यांचा जबडा घट्ट झाला. आणि तेवढ्यात पुकारा झाला, "रखमा बाजीराव भोईर, हजर?"

"हाय," मागून ती पांढऱ्या केसांची बाई म्हणाली. बाजीरावांची बायको! ते पुन्हा वळून बघेनात. समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

पुतळाबाई बोलायला उभी राहिली तेव्हा अधिकारी म्हणाले, "बसून बोला, मावशी."

"उभीच बरी."

"तुम्ही कुणातर्फे?"

"माज्यातर्फे." मग जरा थांबून, "माज्या पोरीतर्फे."

तिने हरकत सांगितली. अधिकाऱ्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "म्हणणं बरोबर आहे. पण सरकारला काहीतरी कागद तर लागेल ना? जामिनासाठी काय धरायचं? हरकत झाली, आता सूचना सांगा."

हे आम्ही ठरवलंच नव्हतं. पुतळाबाईने एकदा बाजीरावांकडे पाहिलं.

"ज्या कागदानं जमीन घेतली," ती हळूहळू म्हणाली, "तो कागद धरा. घेतली तवाचा निवाडा हाय घरोघरी, पेटीत. जमीन व्हती, हे त्यावर तुमीच लिवलंय."

अधिकारी लिहून घेत राहिले. बाजीराव या वेळी मात्र वळले आणि भावजयीकडे बघत राहिले. ती नजर मला तेव्हा कळली नाही.

त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. दंड करता येत नव्हता, कारण गावकीत ती नव्हतीच. मग बोलणंच बंद. समोरून आली की रस्ता बदलायचे.

जूनअखेर नियम पक्के झाले. मी पेपर उघडला, सातवा नियम काढला आणि अशी ओरडले की अकराच्या अकरा मशिनं थांबली. "किंवा भूसंपादनाचा निवाडा!" छापलेलं होतं! मनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. बारावीला तिला चांगले मार्क पडले होते, डिप्लोमाच्या यादीत नाव होतं. आता कसलीच अडचण नव्हती.

पुतळाबाई हसली नाही. "कोनाच्या सहीनं?" तिने विचारलं.

"ज्याच्या नावावर निवाडा, त्याच्या. तो जामीन."

"म्हंजे भावोजी."

सासरे आधीच गेलेले. एकत्र कुटुंबाचा कर्ता म्हणून निवाड्यावर बाजीरावांचं एकट्याचं नाव होतं. मी पेपर खाली ठेवला. "पुतळाबाई, हे तुम्हाला माहीत होतं?"

"मना त्या दिवशीच ठाव व्हतं. पन गावाकडं दुसरा कागद हाय कुठं?"

पुढचे पंधरा दिवस गावातल्या पोरापोरींचे फॉर्म माझ्या टेबलावरून जात होते. बापाची, काकाची, आज्याची सही. मनालीचा फॉर्म मात्र ड्रॉवरमध्ये तसाच कोरा होता. पुतळाबाई आणखी पळायला लागली. पुसलेल्या काचा पुन्हा पुसायची, भरलेला माठ ओतून पुन्हा भरायची. मी रोज ओरडायचे, "अहो, जा ना! विचारा ना त्यांना!" ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एकदा मी फारच बोलले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या दारी हात पसरायला जाऊ?" अशी चीड आली! अख्ख्या सरकारसमोर उभी राहिलेली बाई दिराच्या ओट्यापर्यंत जाईना, आणि त्यापायी मुलीचं वर्ष चाललं होतं.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी शटर मलाच उघडावं लागलं. पुतळाबाई आली नव्हती. ड्रॉवर उघडला तर फॉर्मही नव्हता. आदल्या संध्याकाळी मनाली घेऊन गेली होती. दुपारभर मी वाट पाहिली. चार वाजता राहवेना तेव्हा क्लास बंद करून गावात गेले.

बाजीरावांच्या ओट्यावर पुतळाबाई बसली होती. खांबाला पाठ लावून, मांडी घालून, हात मांडीत. सकाळपासून तशीच, शेजारणीने सांगितलं. फॉर्म मनालीने आत रखमाबाईंच्या हाती दिला होता, आणि पुतळाबाई बाहेर बसली ती बसलीच. पाणी घेतलं नाही, शब्द बोलली नाही. मनाली अंगणात उभी होती, चेहरा पांढराफटक. मला पुतळाबाईला तसं बसलेलं बघवेना. मी काही बोलणार तोच बाजीराव बाहेर आले. मागे रखमाबाई.

"ऊठ आता," ते म्हणाले. चार महिन्यांतला पहिला शब्द.

"सही झाल्याबिगर नाय उठायची."

त्यांनी फॉर्म पुढे केला. खाली सही होती, वाकडीतिकडी, पण पूर्ण. सोबत जुना, घडीवर फाटलेला निवाड्याचा कागद. "सकालीच केलीय," ते म्हणाले. "दिसभर आतून बगतंय, आता इचारंल, मंग इचारंल. सगल्या सरकारला जाऊन बोललीस. मना येकदा इचारलं नायस."

पुतळाबाईने मान वर केली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलंही नाही.

"तुमी इचारलंत कदी?" ती म्हणाली. "इतकी वरसं मी देवलाबाहेर उभी हाय, भावोजी. येकदा तरी इचारलंत?"

बाजीरावांनी कागद तिच्याजवळ ओट्यावर ठेवले. मग आत गेले, स्वतः पाण्याचा तांब्या भरून आणला आणि तिच्यासमोर ठेवला. पुतळाबाईने तो उचलला आणि बसूनच प्यायली.